चादरीला चार टोकं असतात

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ, साडेनऊचा सुमार. आमच्या खोताच्या वाडीत रविवारी पाहुणे फार. पाहुणे म्हणजे आमच्याकडे चहाला येणारे नव्हेत, गळ्यात कॅमेरे अडकवून वाडी बघायला येणारे. जगन्नाथ शंकरशेट रस्त्याकडून शिरतात, लाकडी जिने, कठड्यांची नक्षी, कौलं, वाडीतला क्रूस असं सगळं टिपत टिपत विठ्ठलभाई पटेल रस्त्याकडे बाहेर पडतात. मधे वेफरच्या दुकानापाशी थांबून पुडे घेतात. मी पुढच्या गॅलरीत दोरीवर डबलबेडची चादर वाळत घालत होतो. खालून एका तरुणाने हाक मारली, “काका, ती चादर जरा दोन मिनिटं काढता का? घर दिसत नाहीये.”

मी काढली. ३८ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला काउंटरपलीकडून कुणी अदबीने काही मागितलं की आधी ‘हो’ म्हणायची खोड असते. त्याने चार फोटो काढले, हात हलवून आभार मानले आणि तो पुढे गेला. या गडबडीत चादरीचं एक टोक गॅलरीतल्या धुळीतून फरफटलं होतं. आतून ही म्हणाली, “झालं? आता ती पुन्हा खळबळून आणा.”

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची वाडी हवी होती, आणि त्या चित्रात चादर बसत नव्हती. पण तेव्हापासून एक विचार माझ्या मागे लागला. गिरगावावर, इथल्या वाड्यांवर आणि चाळींवर आजवर कितीतरी लिहून झालं. त्यात थोडी भर मीही घातली आहे. गणपती आले, नाटकवेडे आले, गल्लीतलं क्रिकेट आलं, अनंताश्रमाच्या खानावळीतली कालवणं आली, ती खानावळ बंद पडल्याचे उसासेही आले. पण एवढ्या माणसांची एवढी अंथरुणं धुतली कुणी, वाळवली कुठे, हे काही कुणी लिहिलेलं आठवत नाही. आज तेच लिहायचं ठरवलं आहे. रविवारच्या पुरवणीत धुण्याची चर्चा कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी आपण आज सकाळी कशावरून उठलो ते आठवून पाहावं.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठीच्या दशकात, आमच्या घरात ‘बेडशीट’ नव्हती. बेड एकच होता, लोखंडी, तोही आजोबांचा. बाकी आम्ही सात माणसं दोन खोल्यांत जमिनीवर गाद्या घालून झोपत असू. गादीवर पलंगपोस, अंगावर सोलापुरी चादर. पलंगपोस म्हणजे मांजरपाटाचे दोन पन्हे मधोमध शिवून केलेला, कारण एका पन्ह्यात गादी मावत नसे. झोपणारा माणूस नेहमी मधेच झोपतो, त्यामुळे कापड मधेच विरतं. मग आई ती मधली शिवण उसवायची, दोन्ही तुकडे फिरवून कडेच्या धडक्या बाजू मधे आणायची आणि पुन्हा शिवायची. पलंगपोसाला दुसरा जन्म मिळायचा. तो संपला की उशांचे अभ्रे, मग पायपुसणं, मग पोळपाटाखालचं फडकं. बँकेत पुढे आम्ही घसारा नावाची गोष्ट शिकलो. वस्तूची किंमत दरवर्षी थोडी थोडी लिहून टाकायची. आईच्या वहीत पलंगपोसाची किंमत शून्य कधी झाल्याचं मला आठवत नाही.

मोठे कपडे धोब्याकडे जायचे, पण ते सणासुदीला किंवा पाहुणे येणार असले तर. धोबी दर कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने खूण करायचा. आमची खूण दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. बिब्ब्याचा डाग कशानेही जात नाही, म्हणून धोब्यांनी तो निवडला. पण बिब्बा उततो. वडिलांच्या मानेवर सदऱ्याच्या कॉलरपाशी एकदा चट्टे उठले होते, ते या खुणेमुळे. धोबी ते सारं गाठोडं महालक्ष्मीच्या घाटावर न्यायचा. १८९० साली इंग्रजांच्या काळात बांधलेल्या त्या दगडी हौदांवर आजही कपडे आपटले जातात, आणि पुलावर उभं राहून लोक त्यांचे फोटो काढतात. (तिथे कुणी धोब्याला ‘जरा चादरी काढा’ म्हणत नाही, एवढा फरक.) सोडा घालून भट्टीत वाफवलेली, खळ दिलेली, कडक परीटघडीची चादर घरी आली की आम्हा पोरांना त्या रात्री तिच्यावर पाय ठेवायला भीती वाटे.

एरवीचं धुणं घरीच. पहाटे नळाला पाणी यायचं ते ठरावीक वेळ. त्यात पिंप भरायचं, अंघोळी उरकायच्या आणि आठवड्यातून एक दिवस पलंगपोस काढायचे. आमची मोरी तीन बाय चारची. आई आणि काकू समोरासमोर उभ्या राहायच्या. भिजलेल्या पलंगपोसाची दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या हातात. मग एकीने उजवीकडे पिळायचं, दुसरीने डावीकडे. पीळ घट्ट होत होत मधे गाठ उभी राहायची आणि पाण्याची धार मोरीत पडायची. सुती कापड ओलं झालं की कोरड्यापेक्षा जास्त बळकट होतं, म्हणून ते ही पिळवणूक आणि धोपटण्याचे तडाखे सहन करतं. वाळल्यावरही तसंच. दोघींनी चार टोकं धरायची, एक जोराचा हिसका द्यायचा, सुरकुत्या पळवायच्या, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि घडी घालायची. चादर हे घरातलं सगळ्यात मोठं कापड. ते एकट्याचं नाहीच. चार टोकं आणि माणसाला हात दोन, म्हणजे माणसं दोन लागतात. हे गणित इतकं सोपं आहे की ते कुणाला शिकवावं लागत नाही आणि म्हणूनच बहुधा ते विसरलं जातं.

कधी काकू नसली की टोकं धरायला मी असायचो. घडी घालताना आईकडे पळत जायचं आणि तिच्या बोटांना बोटं टेकवून टोकं तिच्या हातात द्यायची, हा खेळच होता. मी दहा-अकरा वर्षांचा झालो आणि माझी त्यातून सुटका झाली. कुणी तसं जाहीर केलं नाही. “तू जा अभ्यासाला,” एवढंच. माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला अभ्यास नव्हता असं नाही.

पुढे १९८० साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गाला घरोपयोगी वस्तूंसाठी कर्जं द्यायची टूम निघाली. मी तेव्हा कर्जविभागात. वॉशिंग मशीनसाठी किती अर्ज मी मंजूर केले असतील याची गणती नाही. अर्जदार बहुतेक पुरुष. कोटेशनवर लिहिलेलं असायचं, ‘क्षमता ५ किलो’. मी त्यावर सही करायचो. पाच किलो म्हणजे किती कपडे, त्यात चादरी किती बसतात, हे ना अर्जदाराला ठाऊक असायचं ना मला. एका बाईंनी मात्र नवऱ्याच्या मागे उभं राहून विचारलं होतं, “साहेब, यात सोलापुरी चादर धुता येते का हो?” आम्ही दोघे पुरुष हसलो होतो. प्रश्न अगदी बरोबर होता. भिजलेली सोलापुरी मशीनला एका बाजूला खेचते, मशीन धडधडत चालू लागतं आणि कधी कधी मधेच बंद पडतं. हे मला कळायला आणखी बरीच वर्षं जायची होती.

आता जे लिहितो आहे ते लिहू की नको असं झालं होतं. हिला विचारलं. ती म्हणाली, “लिहा, पण रडका सूर लावू नका.”

१९९७ च्या नोव्हेंबरात माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ती १९९९ च्या जानेवारीत वारली. १४ महिने ती अंथरुणावर होती, त्याच लोखंडी कॉटवर. माणूस अंथरुणाला खिळला की घराचं सगळं लक्ष औषधांकडे आणि डॉक्टरकडे लागतं. खरी लढाई चादरीवर चालते. चादर ओली राहिली किंवा तिला चुण्या पडल्या की पाठीला, माकडहाडाला व्रण पडतात, आणि एकदा पडलेला व्रण सहजी भरत नाही. तेव्हा मोठ्या माणसांचे डायपर आजच्यासारखे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नसत. गादीवर मेणकापड, त्यावर आडवी दुपदरी चादर, आणि ती दिवसातून निदान दोनदा बदलायची.

माणूस पलंगावर असताना चादर कशी बदलतात, हे वाचकांपैकी किती जणांनी केलं आहे, मला माहीत नाही. पुरुषांपैकी फार थोड्यांनी केलं असेल. रोग्याला एका कुशीवर वळवायचं. जुनी चादर लांबीत गुंडाळत त्याच्या पाठीपर्यंत न्यायची. मोकळ्या झालेल्या अर्ध्या गादीवर नवी पसरायची, तिचाही उरलेला अर्धा भाग गुंडाळून पाठीशी सारायचा. मग रोग्याला त्या दोन गुंडाळ्यांच्या उंचवट्यावरून अलगद दुसऱ्या कुशीवर घ्यायचं, पलीकडे जाऊन जुनी ओढून काढायची आणि नवी ताणून खोचायची. इस्पितळात हे काम दोघी परिचारिका करतात. एक धरते, दुसरी बदलते. आमच्याकडे ही एकटी करत होती. एका हाताने आईंच्या खांद्याला आधार, दुसऱ्या हाताने चादर, आणि गुडघा कॉटच्या कडेला टेकवलेला.

ही एका शाळेत शिकवत होती. त्या १४ महिन्यांपैकी ११ महिने तिने बिनपगारी रजा घेतली. मी सकाळी साडेआठला घरातून निघायचो, रात्री परत यायचो. “आज आई कशी आहे?” असं विचारायचो. जेवायचो. मग बाहेरच्या खोलीत टेबलावर दिवा लावून लिहायला बसायचो, कारण तेव्हा माझी तिसरी कादंबरी चालू होती. आतल्या मोरीतून पाण्याचा आवाज यायचा. मला तो आवाज लिहिताना बरा वाटे, हे आज कबूल करतो.

त्या कादंबरीत एक प्रसंग आहे. नायक बऱ्याच वर्षांनी वाडीत परततो आणि सगळ्या गॅलऱ्यांमधून पांढऱ्या चादरी वाऱ्यावर फडफडताना बघून त्याला भरून येतं. एका समीक्षकाने त्या वर्णनाचं कौतुक केलं होतं. हिने पुस्तक वाचलं आणि एवढंच म्हणाली, “ओली चादर फडफडत नाही हो. जड असते. लोंबते. आणि फडफडायला लागली तर चिमटे लावायला धावावं लागतं.” मी ते हसण्यावारी नेलं.

हिशेब मी मांडला तो २०२० साली. मार्चमध्ये सगळं बंद झालं. आमच्या कामाच्या बाई येणं बंद झालं. त्यातच हिचा उजवा खांदा धरला. डॉक्टर ज्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात तो. हात खांद्यावर जाईना. घरात माणसं आम्ही दोघंच, मुलगा परगावी. पहिल्या रविवारी मी वयाच्या ६२ व्या वर्षी आयुष्यातली पहिली चादर धुतली. मशीन होतं घरात, २००३ पासून. मी ती चादर आत कोंबली, त्यावर चार सदरे, दोन लुंग्या आणि पायमोजे टाकले. तासाभराने उघडलं तर चादरीने सगळ्यांना पोटात घेऊन एक मोठं गाठोडं केलेलं. बाहेरून स्वच्छ, आत पायमोजे कोरडे. हिने पलंगावरून सूचना देत देत मला शिकवलं. त्या दिवशी संध्याकाळी जुन्या सवयीने कागद-पेन्सिल घेतली. १४ महिने म्हणजे सुमारे ४२५ दिवस. रोजच्या निदान दोन. साडेआठशे चादरी. ही कमीत कमी. पाणी सकाळचं, मशीन नाही, पिळायला समोर कुणी नाही. ती नळाच्या तोटीला चादरीचं एक टोक अडकवून एकटी पिळत होती. हे मला २३ वर्षांनी कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव घेतलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई आठवते. ती १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली तेव्हा तिने केलेल्या पहिल्या कामांतलं एक म्हणजे धुण्याची सोय. तिने जवळच एक घर घेतलं, तिथे पाणी उकळायचे बॉयलर बसवले आणि सैनिकांच्या बायकांना तिथे कामाला लावलं. पुढे शुश्रूषेवर तिने जे पुस्तक लिहिलं त्यात अंथरुणावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण दिव्याचं चित्र निघतं, धुण्याच्या घराचं निघत नाही. मी तरी दुसरं काय केलं होतं!

असो. शिकलो ते सांगतो, कारण हे ज्ञान घराघरात असलं तरी अर्ध्याच घराला असतं.

रक्ताचा डाग, अंथरुणात झालेलं कुठलंही, आधी गार पाण्यात. गरम पाणी पहिल्यांदा घातलं की डाग शिजतो आणि सुतात बसतो. हळदीचा डाग साबण लावल्यावर लालभडक होतो. घाबरू नये. हळदीचा रंग साबणातल्या खाराने लाल होतो. धुऊन चादर उन्हात टाकली की दोन-तीन दिवसांत ऊनच तो रंग मोडतं. मी पहिल्या वेळी घाबरून ब्लीच ओतलं होतं आणि निळ्या चादरीवर पांढरं बेट उमटवलं होतं. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण बाजारात मिळतं. ते सुती चादरीला सारखं घालू नये, सुताची घाम टिपण्याची शक्ती त्याने कमी होते. साबणाची पूड जास्त टाकली म्हणजे चादर जास्त स्वच्छ होते, हा माझ्यासारख्या नवशिक्यांचा समज. जास्त पूड नीट निघत नाही आणि चादर चिकट राहते. मशीनमध्ये मोठी चादर एकच घालावी, फार तर दोन, आणि त्यांना हलायला जागा ठेवावी.

चादर किती दिवसांनी धुवायची? मुंबईच्या घामात आठवड्याने. आपल्या अंगावरून रोज त्वचेचा कोंडा झडतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे जगतात आणि त्यांच्या विष्ठेने कित्येकांचा दमा, सकाळच्या शिंका चाळवतात. ते ६० अंशांच्या पाण्यात मरतात. गार पाण्यात धुतलं तर बरेचसे वाहून जातात, सगळे मरत नाहीत. घरात कुणाला खरूज झाली तर नुसतं मलम लावून भागत नाही, चादरी-अभ्रेही त्याच दिवशी गरम पाण्यातून काढावे लागतात. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावं, कारण माणसाच्या अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

नीळ घालायला मला शेजारच्या आंटीने शिकवलं. आमच्या वाडीतली ईस्ट इंडियन घरं मूळची मराठी बोलणारी, आणि आंटीचं मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. ऐंशी ओलांडलेली ही बाई अजून शनिवारी पांढऱ्या चादरी काढते. मी निळीची पूड सरळ बादलीत टाकली आणि चादरीवर निळे टिपके उठले. ती कठड्यावरून बघत होती. म्हणाली, “अरे, पुरचुंडी बांध! पुरचुंडी पाण्यात फिरव, मग चादर घाल.” पिवळट पडलेलं कापड निळीने पांढरं होत नाही, पिवळ्यावर निळ्याची छटा चढली की डोळ्यांना पांढरं दिसतं. बँकेतही असे ताळेबंद मी पाहिले आहेत.

आता मला काय म्हणायचं आहे त्याकडे येतो. “बाई ठेवा की!” असं म्हणणारे असतात. ज्यांनी बाई ठेवली आहे त्यांनी तिला विचारून पाहावं. कपडे धुण्याचा दर ठरतो तेव्हा चादरी त्यात धरलेल्या नसतात, त्याचं वेगळं बोलणं होतं, आणि ते तिचं म्हणणं रास्त आहे. “मशीन आहे की!” म्हणणारे त्याहून जास्त. मशीन धुतं आणि पिळतं. पलंगावरून चादर काढणं, डाग शोधणं, मशीनमधून तो ओला जड गोळा काढणं, झटकणं, दोरीवर दोन्ही बाजू सारख्या करून टाकणं, पाऊस आला की धावत जाऊन काढणं, घडी घालणं, कोपरे खोचणं हे मशीन करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घरातल्या पुरुषांनी बाकी काही कामं वाटून घेतली नाहीत तरी हे एक घ्यावं. स्वयंपाकात चव बिघडेल, मुलांच्या अभ्यासात डोकं चालणार नाही, अशा सबबी इथे नाहीत. हे ताकदीचं काम आहे आणि आपण स्वतःला ताकदवान समजतो. मुलग्यांना दहाव्या-अकराव्या वर्षी त्यातून सोडवू नये. नेमकं त्याच वयात त्यांची उंची दोरीपर्यंत पोचते.

काही मित्र म्हणतात, आमच्याकडे बायकोलाच आमचं धुतलेलं आवडत नाही. नसेल आवडत. मलाही हिने पहिले सहा महिने घड्या मोडून पुन्हा घालायला लावल्या. नव्या कारकुनाच्या नोंदी आम्ही तपासायचोच. म्हणून त्याला घरी नाही पाठवलं.

पण एक माणूस वाढवून सगळं भागत नाही. चादरीला जागा लागते, आणि ऊन लागतं. इथे खोताच्या वाडीचा प्रश्न येतो. एके काळी वाडीत ६५ घरं होती असं सांगतात, आता ती तिशीच्या आत आली आहेत. आजूबाजूला मनोरे उभे राहिले. आमच्या गॅलरीत सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत ऊन असायचं. आता साडेनऊला येतं आणि सव्वाअकराला पलीकडच्या इमारतीमागे जातं. उन्हाळ्यात चालतं. पावसाळ्यात छताखालच्या वलणीवर चादर दोन दिवस लोंबते आणि कुबट वास धरते. तो वास म्हणजे ओल्या कापडावर वाढलेले जंतू आणि बुरशी. अत्तर मारून तो जात नाही, पुन्हा धुवावंच लागतं.

आमच्या घराच्याही पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. मी त्याच्या विरुद्ध नाही. जिन्याच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना कळतात आणि पावसाळ्यात छत कुठे गळतं ते फोटो काढणाऱ्यांना दिसत नाही. बिल्डरच्या माणसाने आम्हाला नकाशा दाखवला. गाड्यांसाठी तीन मजले, व्यायामशाळा, गच्चीवर बाग. घरात तीन बाय चारची एक चौकट. तिला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात. तिच्यात मशीन ठेवलं की माणूस उभा राहू शकत नाही आणि तिथे काहीही ड्राय होणार नाही, कारण ती अंधाऱ्या पोकळीकडे उघडते. आमच्या डबलबेडची चादर ९० इंच बाय १०० इंच आहे. मी विचारलं, “ही वाळत कुठे घालायची?” सभेत हशा पिकला. तो माणूस नम्र होता, म्हणाला, “सर, दर्शनी बाजूला कपडे वाळत घालायला परवानगी नसेल, एलिव्हेशन खराब दिसतं. हल्ली ड्रायर असतो ना.” मागच्या रांगेतल्या दोन-तीन बायका हसल्या नव्हत्या, हे मी पाहिलं.

ड्रायर! वर्षातले आठ महिने फुकट ऊन असलेल्या शहरात विजेवर चादरी वाळवायच्या. जिथे ड्रायर घरोघरी आहेत त्या अमेरिकेत कित्येक वसाहतींनी अंगणात दोरी बांधायला बंदी केली होती. लोक त्याविरुद्ध भांडले, आणि फ्लोरिडा, व्हरमाँट अशा काही राज्यांत उन्हात कपडे वाळवायचा हक्क कायद्याने राखून ठेवावा लागला. सिंगापूरच्या सरकारी घरांच्या उंच इमारतींमधून बांबूवर वाळणारे कपडे बाहेर काढायची सोय बांधतानाच केलेली असते. तिथलं एलिव्हेशन कुणी वाईट म्हणत नाही. आपल्या नकाशांत गाडीला किती चौरस फूट हे लिहिलेलं असतं. माणूस रोज रात्री ज्यावर पाठ टेकतो त्या कापडाला दोरीभर जागा लिहायला काय हरकत आहे? गच्चीवरच्या बागेतला निम्मा भाग दोऱ्यांना द्या, खांब रोवा, ऊन तिथे दिवसभर असतं. एवढं मी लेखी दिलं.

महिन्याने नकाशाची दुसरी प्रत आली. गच्चीवर, जनरेटरच्या शेजारी, तुटक रेघांनी एक चौकोन काढला आहे आणि त्यात ‘कपडे वाळवण्याची जागा (प्रस्तावित)’ असं लिहिलं आहे. जनरेटर चालू झाला की त्याचा धूर नेमका कुठे जाणार, हे मी विचारणार आहे. पुढची सभा महिनाअखेरीस आहे. आजवर या सभांना घराघरातून पुरुषच जात आले. या वेळी ही येते म्हणाली आहे. आंटीलाही घेऊन येणार आहे.